मालगुजारी तलावाची कुळकथा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून पूर्व विदर्भात साडेसहा ते सात हजार जुने मातीचे तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि बोलताना त्याचेच 'मामा तलाव' होते. प्रत्यक्षात यांतले पुष्कळ तलाव मालगुजारांच्याही आधीचे, गोंड राजवटीतले आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, साधारण १३०० ते १५०० मिलिमीटर. तरीही तलावांवाचून इथले भागत नाही, कारण इथले मुख्य पीक धान आहे. धान निसवण्याच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली की उभे पीक पळीज होते. जमिनीखाली कठीण जुना खडक असल्याने विहिरींना बेताचेच पाणी. त्यामुळे पावसाळ्यात धावून जाणारे पाणी अडवून ठेवायचे आणि ऐन गरजेच्या वेळी बांध्यांत सोडायचे, हाच उपाय होता. बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामधले उथळ उतार ही इथल्या भूमीची ठेवण त्याला अनुकूल होती. दोन टेकड्या जवळ येतात तिथे मातीची पाळ घातली की थोड्या श्रमात मोठे पाणी अडते.

चांद्याच्या गोंड राजांनी या कामाला जमिनीचे आमिष जोडले. राजा हीरशहाच्या नावाने सांगितले जाते की जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला त्याने जमीन दिली आणि तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन दिली. या व्यवस्थेतले शहाणपण मोठे आहे. बांधणाऱ्याचा मोबदला पाळीच्या लांबीवर ठरत नव्हता, पाणी शेतापर्यंत पोचण्यावर ठरत होता. तलाव फुटला तर सर्वांत आधी त्याचीच जमीन कोरडी पडणार होती.

ही संधी सर्वांत जास्त साधली ती कोहळी समाजाने. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिवर्णनग्रंथातही तलाव बांधण्यातले कौशल्य हीच कोहळ्यांची ओळख सांगितली आहे. ऊस आणि धान पिकवणाऱ्या या शेतकऱ्यांनी साकोली आणि अर्जुनी मोरगावचा मुलूख तलावांनी भरून टाकला. त्यांतला सर्वांत नावाजलेला नवेगाव बांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानतात. त्याचे पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटरवर पसरते. पाळ पुन्हा पुन्हा फुटत होती आणि सात बहिणी या देवतांच्या साहाय्यानेच ती अखेर टिकली, अशी तिथली दंतकथा आहे. भोवतालच्या टेकड्या सात बहिणींच्या नावाने ओळखल्या जातात आणि कोलू पाटलांनाही पुढे कोलासुर देव म्हणून पुजले गेले. दंतकथा बाजूला ठेवली तरी तिच्यातली एक गोष्ट खरी वाटते: मातीची पाळ पहिल्याच वेळी टिकत नसे, आणि ती कुठे व का फुटते हे पाहूनच बांधणारे शिकत गेले.

अशा तलावाचे मुख्य अवयव तीन. पाणी अडवणारी मातीची पाळ, शेताकडे पाणी सोडणारे तुडूम आणि जास्तीचे पाणी बाहेर काढणारा सांडवा, ज्याला या भागात सलंग म्हणतात. सुरक्षेच्या दृष्टीने तिघांत सलंग सर्वांत महत्त्वाची. दगडी किंवा काँक्रीटचे धरण माथ्यावरून वाहणारे पाणी काही काळ सोसते. मातीच्या पाळीला ते सोसत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते आधी मागच्या उताराची माती धुऊन नेते, मग खाच वर सरकत पाळीच्या माथ्याला कापते आणि काही तासांत तलाव रिकामा होतो. म्हणून सलंगेची पातळी पाळीच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात आणि ती पाळीच्या मधोमध न काढता शक्यतो कडेच्या कठीण जमिनीत काढतात. मासे अडवायला सलंगेवर जाळ्या किंवा दगडमाती टाकून तोंड अरुंद करण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती अतिशय धोक्याची आहे.

दुसरा धोका आतून येतो. मातीच्या प्रत्येक पाळीतून थोडे पाणी झिरपतेच. त्याने घाबरायचे कारण नाही. पाळीच्या मागच्या पायथ्याशी ओल दिसली तर तिथले पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. पाणी नितळ असेल आणि त्याचे प्रमाण रोज तेवढेच असेल तर नुसती नजर ठेवली की पुरते. ते गढूळ असेल तर पाळीच्या पोटातली माती वाहून चालली आहे आणि आत पोकळ नळी तयार होते आहे, असे समजावे. अशा वेळी झऱ्याचे तोंड चिखलाने लिंपून बंद केले तर दाब वाढून पाणी शेजारून फुटते. खरा उपाय म्हणजे त्या जागी आधी रेती, तिच्यावर बारीक खडी आणि वर जाड खडी असे थर देणे, म्हणजे पाणी जाते पण माती अडते. आणि जोडीला तुडूम उघडून तलावाची पातळी उतरवणे.

या नळीची सुरुवात बहुधा क्षुल्लक ठिकाणी होते: खेकड्याचे किंवा उंदराचे बीळ, पाळीवर वाढून मेलेल्या झाडाचे कुजलेले मूळ, तुडुमाच्या बांधकामाला माती नीट न चिकटलेली जागा. पाळीवर गवत असावे, त्याची मुळे माती धरून ठेवतात. मोठी झाडे मात्र असू नयेत. पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर देतात ते लाटांनी माती खचू नये म्हणून.

तलावाचा उपयोग सिंचनापुरता कधीच नव्हता. ढिवर समाजाची मासेमारी त्याच्यावर चाले, शिंगाड्याचे पीक त्यात घेतले जाई, गुरे तिथेच पाणी पीत आणि उन्हाळ्यात पाणी आटत जाई तसतशी उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गाळपेर होई. देवधान हा रानटी भात आणि कमळाची मुळे गरिबाच्या ताटात येत. तलावाखालच्या विहिरींना पाझर मिळे. आजही गोंदिया जिल्ह्यात सारस पक्षी दिसतात ते या तलावांच्या आणि भोवतालच्या धानशेतीच्या आधाराने.

इंग्रजी अमलात, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यानंतर, गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला जमाबंदीत मालकी हक्क मिळाला आणि तलावही त्याच्या नावावर गेले. गावकऱ्यांचे पाण्याचे, माशांचे आणि चराईचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' आणि निस्तार नोंदींत लिहून ठेवले जात. ही व्यवस्था न्यायाची होती असे म्हणता येणार नाही. पाळ दुरुस्तीला पुष्कळदा गावाची वेठ लागे. पण पावसाळ्याआधी पाळीवर माती चढवायची आणि सलंग मोकळी करायची जबाबदारी कोणाची, याविषयी गावात संभ्रम नव्हता.

तो संभ्रम १९५० नंतर आला. मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. अन्यायी मालकी गेली हे योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर देखभालीची रीतही गेली आणि तिच्या जागी तेवढी नेमकी दुसरी रीत बसवली गेली नाही. हा मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. सिंचनाचे खाते एक, मासेमारीचा ठेका देणारे दुसरे, तलावातील जमिनीची नोंद ठेवणारे तिसरे, अशी वाटणी झाली. गाळ साचत गेला, बेशरमची झुडपे पोटात शिरली, पोटाच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली.

लहान मातीच्या धरणाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते ते कोकणात दिसले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली वीसच्या वर माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. धरण खेकड्यांनी पोखरले अशी चर्चा नंतर झाली. खेकड्याचे बीळ गळतीची वाट होऊ शकते हे खरेच, पण बीळ शोधून बुजवणे हाच तर देखभालीचा भाग आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींसह १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. बहुतेक मामा तलावांच्या पाळी त्याहून बुटक्या, म्हणून त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यातच हे तलाव अनेकदा एकाच ओढ्यावर साखळीने आहेत. वरचा फुटला तर त्याचे सगळे पाणी एकदम खालच्या पाळीवर येते.

अलीकडे गाळ काढण्याची कामे वाढली आहेत. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने त्याला जोर दिला. गाळ शेताला चांगला आणि तलावाची साठवण वाढते, पण यंत्राने सरसकट खोल खणण्यात दोन तोटे आहेत. माशांना अंडी घालायला आणि पक्ष्यांना चरायला लागणारा उथळ, पाणवनस्पतींचा काठ नाहीसा होतो. अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या त्या याच कारणाने. दुसरा तोटा थेट सुरक्षेचा. पाळीच्या पायथ्याजवळ तळाला वर्षानुवर्षे बसलेला चिकण मातीचा थर झिरपा रोखून धरतो. तो खरवडला तर पाळीखालून पाण्याला नवी वाट मिळते. म्हणून पाळीलगतचा पट्टा सोडून, तलावाच्या पोटाकडे गाळ काढावा आणि निघालेली चांगली चिकण माती आधी पाळीच्या खचलेल्या भागावर थराथराने चोपून घालावी.