कोंडलेल्या हवेची मराठी

वैशाखात निपाणीच्या बाजारात, उन्हात ठेवलेल्या सायकलीची गच्च भरलेली ट्यूब फुटते. त्याचे कारण आम्ही मराठीतूनच शिकलो. १६६२ साली बॉइलने दाखविले की, तापमान तेच असता वायूचे आकारमान निम्मे केले तर दाब दुप्पट होतो. दाब तोच ठेवून तापविल्यास सर्व वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे १८०२ साली गे-ल्युसॅकने मांडले. पूर्वसूरी चार्ल्स यांचा उल्लेखही केला. ट्यूबमध्ये प्रसरणास वाव नाही, म्हणून २७ अंशांवरील हवा ५७ अंशांवर गेली की तिचा एकूण दाब दशांशाने चढतो.

अशी शास्त्रे मराठीत आणण्यासाठी कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी (१८४७–१९०६) आयुष्य वेचले. १९५६ साली कोल्हापूर-निपाणीच्या मध्ये राज्यसीमा आली. ती शिदोरी मात्र आमच्याकडेच राहिली. नातवंडांसाठी ती उघडणे आमच्याच हाती आहे.