कार्बन ग्रह: हिरे भरपूर, पाण्याचे वांधे

ज्या ग्रहाच्या खडकांत ऑक्सिजनपेक्षा कार्बनचा वरचष्मा, तो कार्बन ग्रह. मार्क कुचनर आणि सारा सीगर यांनी २००५ मध्ये ही कल्पना मांडली. पक्का असा एकही ग्रह अजून हाती लागलेला नाही.

सूर्यात कार्बन ऑक्सिजनच्या साधारण निम्मा. म्हणून आपल्याकडे वाळू, काळा पाषाण, पाणी. कार्बन वरचढ असलेल्या ताऱ्याभोवती मात्र बहुतेक ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्येच अडकतो. मग खडक होतात सिलिकॉन कार्बाइडचे (धार लावायच्या चाकात असतं तेच), आणि खोलवर दाबाखाली हिरे. पाण्यासाठी ऑक्सिजन उरतो कुठे? आपल्या ओळखीच्या जीवसृष्टीचं घोडं इथंच अडतं. बाहेरून पाणी आलं तरी ते टिकेलच असं नाही: प्रचंड दाब आणि उष्णतेत कार्बाइड पाण्यालाच खाऊन सिलिका आणि हिरे बनवतं, हे २०२० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं.

४१ प्रकाशवर्षांवरचा '५५ कॅन्क्री ई' २०१२ मध्ये 'हिऱ्यांचा ग्रह' म्हणून गाजला. वर्षभरातच त्याच्या ताऱ्यातला कार्बन पुन्हा मोजला गेला, तो आधीच्या अंदाजापेक्षा कमी निघाला. बातम्यांतले हिरे मात्र अजून चमकतातच. तसंही तिथलं वर्ष जेमतेम १८ तासांचं. तारा इतका जवळ, की खडक वितळावा.