जुने शहर (अकोला)

जुने शहर हा अकोला शहराचा मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावरील मूळ भाग होय. असदगड किल्ला, श्री राजराजेश्वराचे मंदिर आणि वेशींच्या आतील दाट वस्ती हे याचे मुख्य घटक आहेत. पूर्व तीरावर ताजनापेठ आणि तिच्या पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या व बंगल्यांचा भाग वसला. त्यामुळे पश्चिमेकडील मूळ गावास ‘जुने शहर’ हे नाव रूढ झाले.

भूगोल

मोर्णा नदी दक्षिणेकडील अजिंठा डोंगररांगेत उगम पावून पातूरवरून उत्तरेस वाहते व पुढे पूर्णा नदीस मिळते. तिचे खोरे काळ्या कपाशीच्या जमिनीचे आहे. अकोल्यात नदीपात्र शहराच्या मधून जात असल्याने पूल हेच दोन्ही भागांना जोडणारे दुवे आहेत. त्यांपैकी दगडी पूल हे नाव बांधणीवरूनच पडलेले आहे. नदीकाठच्या ‘अनिकट’ या वस्तीचे नावही लक्षणीय आहे. बंधारा या अर्थाचा हा मूळचा तमिळ शब्द इंग्रजी कारभाराच्या वाटेने वऱ्हाडात आला आणि येथे स्थलनाम होऊन बसला.

असदगड

गावाच्या स्थापनेविषयी अकोलसिंह नावाच्या सरदाराची आख्यायिका सांगितली जाते. येथे एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना त्यास दिसला. हा शुभशकुन मानून त्याने गावाभोवती मातीचा कोट घातला. हीच कथा विजयनगर व अहमदाबाद या नगरांविषयीही सांगितली जाते. त्यामुळे तिला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. मात्र गावाला मोठ्या नगरांच्या पंक्तीत बसविण्याची लोकमानसाची इच्छा तीतून दिसते.

आजच्या दगडी तटबंदीचे श्रेय औरंगजेबाचा वजीर असदखान याच्याकडे जाते. अकोला त्याच्या जहागिरीत होते आणि किल्ल्यास त्याचेच नाव मिळाले. बांधकामाचे वर्ष सर्वत्र इ.स. १६९७ असे दिले जाते. त्यास आधार म्हणून दहीहंडा वेशीवरील शिलालेखातील हिजरी १११४ हा काळ दाखविला जातो. परंतु हिजरी १११४ हे वर्ष इ.स. १७०२ च्या मे महिन्यात सुरू होते, इ.स. १६९७ साठी हिजरी ११०८ किंवा ११०९ असावयास हवे. म्हणजे एक तर शिलालेखाच्या वाचनात किंवा सनाच्या रूपांतरात चूक झाली आहे. दोन्ही वर्षे असदखानाच्या वजिरीच्या काळातच पडतात, त्यामुळे कर्त्याविषयी शंका राहत नाही. सनाविषयी मात्र राहते. मूळ दगडाचा ठसा घेऊन फेरवाचन झाल्याखेरीज १६९७ हे वर्ष निःशंक मानू नये. ईदगाहीवरील लेखात ख्वाजा अब्दुल लतीफ याचे नाव येते.

आगर वेशीवरील लेख मराठीत असून किल्ला गोविंद आप्पाजी याने इ.स. १८४३ मध्ये बांधला, असे त्यात म्हटले आहे. हा लेख इतर लेखांशी विसंगत वाटतो. तथापि त्या सुमारास वऱ्हाड निजामाच्या अंमलाखाली होता आणि जुन्या वेशीची फेरबांधणी करून तीवर आपले नाव कोरणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट नव्हती. दहीहंडा आणि आगर ही दोन्ही नावे त्या त्या गावांकडे जाणाऱ्या वाटांवरून आली आहेत. किल्ल्यावर नक्षीकाम जवळजवळ नाही. तो शोभेसाठी बांधलेला नव्हे.

इ.स. १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली याचा तळ अकोल्यास पडला होता. तेथून पुढे जाऊन त्याने २९ नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई जिंकली. इ.स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि सुमारे १८७० मध्ये किल्ल्याचा बराच भाग पाडण्यात आला. इ.स. १९१० च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये मधल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आहे. आज काही बुरूज व तटाचे अवशेष उभे आहेत.

राजराजेश्वर मंदिर

श्री राजराजेश्वर हे अकोल्याचे ग्रामदैवत. अकोलसिंहाची राणी मध्यरात्री दर्शनास जात असे. राजाने संशयाने नागवी तलवार घेऊन तिचा पाठलाग केला. अपमानित राणीने शंकरास साकडे घातले, पिंड दुभंगली आणि ती आत लुप्त झाली, अशी कथा आहे. तिच्या लुगड्याचा पदर बाहेर राहिला, असे सांगतात. पिंडीवरील भेग भाविक या कथेशी जोडतात. गावाच्या संस्थापकास दोषी ठरविणारी ही कथा त्याच गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, हे विशेष.

कावड महोत्सव

श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोट मार्गावरील गांधीग्राम येथून पूर्णेचे जल कावडीने आणून राजराजेश्वरास अभिषेक केला जातो. हे अंतर सुमारे १८ किलोमीटर असून भाविक ते रात्रभर अनवाणी चालतात. इ.स. १९४४ च्या सुमारास दुष्काळात पावसासाठी ही प्रथा सुरू झाली, असे सांगितले जाते. खांद्यावरील साध्या कावडीचे रूप पुढे पालटले. आता बांबूंच्या चौकटीवर शेकडो ‘भरणे’ (जलपात्रे) बांधलेल्या प्रचंड कावडी निघतात. डाबकी रोड भागातील कावड त्यांसाठी विशेष ओळखली जाते. मानाची पालखी सर्वांच्या पुढे असते. ‘हर्र बोला महादेव’ हा येथील घोष आहे.

अन्य स्थळे व सण

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत बाराभाई गणपतीस पहिला मान असून त्याच्या पूजनानंतर जयहिंद चौकातून मिरवणूक निघते. त्यापाठोपाठ राजेश्वर व जागेश्वर हे मानाचे गणपती येतात. पोळा चौक हे नाव वऱ्हाडातील बैलांच्या सणाची आठवण टिकवून आहे.

नदीची अवस्था

सांडपाणी व जलपर्णी यांमुळे मोर्णेचे पात्र दीर्घकाळ दूषित राहिले. १३ जानेवारी २०१८ रोजी लोकसहभागातून ‘स्वच्छ मोर्णा’ मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात सुमारे चार किलोमीटरचे पात्र घेण्यात आले आणि सहा हजारांहून अधिक नागरिकांनी त्यात भाग घेतला. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ कार्यक्रमात तिचा उल्लेख झाला. मात्र जलपर्णी काढल्यानंतरही सांडपाणी पात्रात येत राहिले, तर ती पुन्हा वाढते.