नागपूर योजना, १९४३

भारतातील रस्त्यांच्या विकासाची पहिली देशव्यापी, दीर्घ मुदतीची योजना. तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपूर येथे डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तीत वीस वर्षांचा हा आराखडा आखण्यात आला म्हणून त्यास हे नाव मिळाले. नागपुरातील प्रसिद्ध झीरो माइल स्तंभाशी या योजनेचा संबंध लोकसमजुतीत कधीकधी जोडला जातो. तो निराधार आहे.

रस्त्यांचा प्रश्न त्यापूर्वीच ऐरणीवर आला होता. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते हा केवळ स्थानिक संस्थांच्या कुवतीचा विषय नाही, असे प्रतिपादन केले. तिच्या शिफारशीनुसार १९२९ पासून पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. निधी व संस्था असूनही एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते : देशाला एकूण किती मैल रस्ते हवेत? लाखो खेड्यांचा एकेक विचार करू गेल्यास हा प्रश्न सुटणे अशक्य, आणि प्रांतांच्या मागण्यांची बेरीज करावी तर ज्याचा आवाज मोठा त्याला रस्ता, असा प्रकार होणार. नागपूर परिषदेने हा गुंता एका चित्राच्या साहाय्याने सोडविला, हेच तिचे खरे वैशिष्ट्य होय.

हे चित्र ‘तारा व जाळी’ या नावाने ओळखले जाते. गावे, नद्या, टेकड्या क्षणभर बाजूस ठेवून सबंध प्रदेशावर रस्त्यांची चौकटीदार जाळी पसरली आहे, असे कल्पावयाचे. मोठ्या गावांतून व शहरांतून ताऱ्याच्या किरणांप्रमाणे फुटणारे रस्ते त्या जाळीत मिसळावयाचे. सुपीक, शेतीखालील प्रदेशात कोणतेही खेडे पक्क्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे तत्त्व ठरल्यावर जाळीचा डोळा किती मोठा घ्यावा हे आपोआप ठरते. दहा मैल बाजूच्या चौरसाचा मध्यबिंदू प्रत्येक बाजूपासून पाच मैलांवर असतो. अशा चौरसाची परिमिती ४० मैल. परंतु प्रत्येक बाजू शेजारच्या चौरसाशी सामाईक असल्याने त्याच्या वाट्याला २० मैलच येतात. म्हणजे १०० चौ. मैलांस २० मैल रस्ता, अर्थात क्षेत्रफळाला पाचाने भागले की रस्त्याची लांबी मिळते. शेतीबाह्य प्रदेशासाठी हेच अंतर २० मैल धरल्यास चौरसाची बाजू ४० मैल होते व भाजक २० येतो. योजनेच्या सूत्रातील हे दोन्ही भाजक असे एका साध्या आकृतीतून वाचता येतात.

सरासरी अंतराची कल्पनाही याच रीतीने स्पष्ट होते. चौरसातील प्रत्येक बिंदूवर त्याच्या रस्त्यापासूनच्या अंतराइतकी उंची उभी केली, तर पाच मैल उंचीचा एक सूचिस्तंभ तयार होतो. सूचिस्तंभाचे घनफळ त्याच पायावरील व उंचीच्या स्तंभाच्या एकतृतीयांश असते. म्हणून सरासरी अंतर पावणेदोन मैलांहूनही किंचित कमी भरते. सरासरी दोन मैलांच्या आत असावी, ही योजनेची अपेक्षा त्यात सहज बसते.

ताऱ्याचे किरण लोकसंख्येवरून मोजले गेले. पाच हजारांवरील प्रत्येक गावाला मुख्य रस्त्यांपैकी पाच मैल, दोन ते पाच हजार वस्तीच्या गावाला एक मैल, अशी भर क्षेत्रफळाच्या हिशेबात घालण्यात आली. पुढील विकासासाठी १५ टक्के वाढ धरून लोहमार्गाची लांबी मात्र वजा केली. ग्रामीण रस्त्यांसाठी वेगळे सूत्र होते. त्यात पाचशेपर्यंत वस्तीच्या खेड्याच्या वाट्याला मैलाचा पाचवा हिस्सा येई. हजारापर्यंत अर्धा, दोन हजारांपर्यंत एक आणि पाच हजारांपर्यंत दोन मैल. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामरस्ते हे वर्गीकरणही या परिषदेने रूढ केले.

फाळणीनंतरच्या भारतापुरते योजनेचे लक्ष्य सु. ५,३२,७०० किमी., म्हणजे दर १०० चौ. किमी.स १६ किमी. इतके होते. एकूण लांबीचे हे लक्ष्य १९६१ पर्यंत ओलांडले गेले. पण त्यात कच्च्या रस्त्यांचा भरणा मोठा होता आणि नद्यांवरील पुलांची उणीव राहिली. चित्रातून जे वगळले होते तेच प्रत्यक्षात आडवे आले, असे म्हणता येईल : कागदावरील जाळीला वैनगंगेचा पूर ठाऊक नसतो. याहून गंभीर दोष शेतीबाह्य प्रदेशाच्या विरळ जाळीत होता. विदर्भाच्या पूर्वेकडील अरण्यांसारख्या भागांतील रहिवाशाला वीस मैलांची पायपीट सूत्रानेच मान्य केली होती. रुग्णाच्या वा बाळंतिणीच्या दृष्टीने सरासरी निरर्थक असते, ही गोष्ट त्या गणितात उमटली नाही. लोहमार्गाची वजाबाकीही चुकीच्या उपमेवर आधारलेली होती. आगगाडी ठराविक स्थानकांवरच थांबते, ती रस्त्याप्रमाणे वाटेतील प्रत्येक गावाला उपयोगी पडत नाही.

यानंतरच्या मुंबई योजनेत (१९६१–८१) लोहमार्गाची वजाबाकी सोडून देण्यात आली. विकसित, अर्धविकसित व अविकसित असे प्रदेशाचे तीन वर्ग करून पक्क्या रस्त्यापासूनचे कमाल अंतर अनुक्रमे ६.४, १२.८ व १९.२ किमी. ठरविण्यात आले. एकूण लक्ष्य दर १०० चौ. किमी.स ३२ किमी. झाले. जाळीचे चित्र तेच राहिले; डोळे लहान झाले. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मात्र मोजणीचे एककच बदलले. तेथे मैलांऐवजी वस्त्या मोजल्या गेल्या : सपाट प्रदेशात किमान ५०० आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत किमान २५० लोकसंख्येची, बारमाही रस्त्याने न जोडलेली प्रत्येक वस्ती.