औषधाचा कायदा कोणाच्या अधिकाराने?



बोईसरच्या चाळींमध्ये आम्ही हे नेहमी पाहतो. ताप आलेला कामगार मेडिकलमध्ये जातो. दुकानदार स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून कागदात बांधून देतो. बिल नाही, बॅच नंबर नाही, फार्मासिस्ट जागेवर नाही. शेजारीच तारापूर एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत. औषध बनवणारे हात आपल्याच माणसांचे आहेत, पण औषधाचा कायदा आपल्या हातात नाही.

हा कायदा आला कुठून? भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा 1930 मध्ये कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला 1931 मध्ये, पण औषध कायदा व्हायला 1940 उजाडले. 1948 मध्ये फार्मसी कायदा आला आणि औषध देणाऱ्याला शिक्षण व नोंदणीची अट लागली. इथे पात्रता जातीवरून नाही, शिक्षणावरून ठरते.

पण इंग्रजांच्या काळातला कायदा आज आपण का पाळायचा? याचे उत्तर संविधानात आहे. कलम 372 ने जुने कायदे चालू ठेवले. कलम 13 ने अट घातली की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला भाग रद्द. म्हणजे 1940 च्या कायद्याला आज जो अधिकार आहे तो व्हाइसरॉयचा नाही, 'आम्ही भारताचे लोक' यांचा आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हाही मुळात प्रश्न हाच होता : आमच्यावर नियम लादण्याचा अधिकार या ग्रंथाला दिला कोणी?

म्हणून उतरंड लक्षात ठेवा. सर्वात वर संविधान, त्याखाली संसदेचा कायदा, त्याखाली 1945 चे औषध नियम, आणि सर्वात शेवटी ते राबवणारा अधिकारी. अधिकारी कायद्याचा मालक नाही.

काही साथी म्हणतात, कागदावरच्या कायद्याने काय होते? 1986 ची मुंबई आठवा. जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि 14 रुग्ण दगावले. कायदा होता, परवाने होते, तपासणीची यंत्रणाही होती. न्या. लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचा हलगर्जीपणा आणि भ्रष्टाचार उघडा पाडला. कायदा निरुपयोगी होता असा याचा अर्थ नाही. राबवणाऱ्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते, हा याचा अर्थ आहे.

जाब विचारण्याची वाट कायद्यातच आहे. औषध कायद्याचे कलम 26 सांगते की कोणतीही व्यक्ती विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. 1986 च्या दुरुस्तीने हा हक्क मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांनाही दिला. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना 14-अ.

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक मंडळाने आणि विहाराने तीन गोष्टी शिकवाव्यात : बिल मागा, स्ट्रिपवरचा बॅच नंबर आणि मुदत वाचा, फार्मासिस्ट कोण ते विचारा. चार गोळ्यांचे बिल मागायला लाज वाटू देऊ नका. 'शिका' यात हेही शिकणे आले.

जय भीम, जय संविधान!