दगडू, धोंडू, केरू

विनायक लक्ष्मण छत्रे म्हटलं तर पटकन कोणी ओळखायचं नाही. केरूनाना म्हटलं की लगेच ओळख पटते: ज्योतिर्गणितात मुरलेले, टिळकांना गणित शिकवणारे छत्रे (१८२५–१८८४). विघ्नहर्त्याचं नाव बाजूला पडून माणसाला केराचं नाव का चिकटावं?

अशा नावांमागे बहुधा एखादा रिकामा पाळणा असतो. आधीची मुलं दगावली की पुढच्याला देखणं नाव द्यायची छाती होत नसे. गोड नावाने मृत्यूची नजर वळायची, त्यापेक्षा दगडू, धोंडू, कचरू बरं. नावाला विधीचीही जोड असे. मूल क्षणभर केरावर ठेवून उचललं की केरू. सुपात घालून दुसरीला देऊन टाकलं आणि पसाभर धान्याच्या बदल्यात मागून घेतलं की भिकू, भिकाजी. मुलाचंच नाक टोचून नथ घातली की नथू. मुलगी समजून काळ पुढे जाईल, हा हिशेब. या हिशेबात मुलीच्या जिवाची किंमत काय धरली होती, ते वेगळं सांगायला नको.

ही भीती खेड्यातल्या अडाण्यांचीच होती असं मात्र नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात व्यवहारातल्या नावाखेरीज आणखी एक नाव सांगितलं आहे. मुंजीपर्यंत ते फक्त आईबापांना ठाऊक असायचं. ज्याला खरं नाव कळलं त्याच्या हाती माणूस सापडला, अशी समजूत त्यामागे असावी. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त ऋषीचे तीन मुलगे येतात: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलाङ्गूल. तिघांच्याही नावात कुत्रा! ऋषीला नावांचा दुष्काळ पडला होता म्हणावं, की तोही काळाला चकवत होता? मला दुसरं पटतं.

शिवाय आपल्याकडे धोंडा कायम तुच्छ राहत नाही. शेंदूर फासला की तोच म्हसोबा. धोंडो केशव कर्वे तर १८५८ ते १९६२, चांगली एकशे चार वर्षं जगले. नावाचा गुण म्हणायला हरकत नाही.

पण प्रत्येक दगडू मायेपोटी दगडू झाला नाही. शूद्राचं नाव निंदावाचक असावं, असं मनुस्मृती उघड सांगते. जिथे आईबापांनी भीतीने कचरू म्हटलं आणि जिथे गावाने त्याला दुसरं काही म्हणूच दिलं नाही, तिथे हाक सारखीच ऐकू येते. ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) दगडू मारुती पवार आणि लेखक दया पवार समोरासमोर बसून बोलतात. माणूस एकच, पण एका नावात मावत नाही.

मुलींच्या बाबतीत तर एवढाही आडपडदा नव्हता. नकोशी, नकुसा ही नावं काळाला फसवायला ठेवलेली नव्हती; पुढच्या खेपेला मुलगा दे, एवढा देवाला धाडलेला निरोप होता. दगडू म्हणणाऱ्या आईला तो हवा असे. नकुसा म्हणणाऱ्या घराला जे म्हणायचं होतं, तेच त्याने म्हटलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचं नव्याने नामकरण झालं. काहींनी आपलं नवं नाव स्वतःच निवडलं.