गळणारी तार आणि उणे व्होल्टेज : एक लहानसा धागा

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत आज सिरीयल जोडणी बंद पडली, की अभियंता प्रथम मल्टिमीटर हाती घेतो. या कृतीचे पूर्वज तारखात्यात सापडतात.

विल्यम ओशॉनेसी यांनी उभारलेली तारसेवा फेब्रुवारी १८५५ मध्ये जनतेस खुली झाली. पावसाळ्यात इन्सुलेटर ओले झाले, की प्रवाह खांबांवाटे जमिनीत झिरपे. पाठवणाऱ्याकडे बॅटरी ठणठणीत, घेणाऱ्याकडे मात्र काटा हलेना! लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्तज्ज्ञाने तारखात्यासाठी तारांच्या चाचणीची नियमावलीच लिहिली. (कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाची सुरुवातही याच गृहस्थांच्या खासगी प्राण्यांपासून झाली.) चाचणीचे तत्त्व साधे: दूरचे टोक सुटे ठेवून बॅटरी जोडायची, तरीही प्रवाह वाहिला, तर तार वाटेत गळते आहे.

१९६० च्या आरएस-२३२ मानकात तारायंत्राचीच ‘मार्क’ आणि ‘स्पेस’ ही परिभाषा टिकून राहिली. मार्क उणे, स्पेस अधिक. घेणाऱ्या टोकाशी उणे ३ ते अधिक ३ व्होल्टमधले सारे संदिग्ध. म्हणूनच निवांत डेटा-वाहिनीवर उणे व्होल्टेज दिसले पाहिजे. शून्य दिसल्यास चिपचा वीजपुरवठा आणि व्होल्टेज वाढवणारे कपॅसिटर पाहावेत. व्होल्टेज क्षीण असेल, तर केबल सुटी करून पुन्हा मोजावे. सुधारले, तर दोष केबलचा किंवा पुढच्या टोकाचा. युक्ती जुनीच!

सर्वाधिक विस्मरण होते ते दोन्ही टोकांना जोडणाऱ्या ग्राउंडच्या तारेचे. तारखात्याला ती वेगळी ओढावी लागत नसे. परतीची वाट म्हणून त्यांनी जमीनच वापरली होती.